विश्लेषण : एका क्लिकवर अन्नदान, पण पैसे भरते कोण?

खिशातून पैसा न काढता भुकेल्यांना अन्न देण्याची सोय इंटरनेटवर १९९९ पासून आहे. ती चालते कशी?

सुरुवात कुठून?
अमेरिकेतील संगणक प्रोग्रामर जॉन ब्रीन यांनी १९९९ मध्ये ‘द हंगर साइट’ सुरू केली. बटण दाबले की जाहिराती दिसत आणि अन्नाचा खर्च जाहिरातदार उचलत. २००७ मध्ये ब्रीन यांनीच ‘फ्रीराइस’ हा शब्दखेळ आणला. एका अचूक उत्तराला १० दाणे तांदूळ, असा हिशेब होता. २००९ मध्ये त्यांनी हा खेळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला.

पैसे कोणाचे?
जाहिरातदार आणि प्रायोजकांचे. क्लिक करणारा फक्त आपला वेळ देतो.

मदत किती?
किलोभर तांदळात साधारण ४० ते ५० हजार दाणे असतात. म्हणजे दहा दाण्यांच्या त्या हिशेबाने एका किलोसाठी चार ते पाच हजार अचूक उत्तरे लागत. लाखो जण खेळले तरच पोती भरतात.

मग क्लिक करावे का?
जरूर करावे. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. कुणाला थेट दिलेला किलोभर तांदूळ अशा हजारो क्लिकच्या बरोबरीचा आहे.