सवयीची कळ आणि आजोबांचे नाव

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरातले लहान मूलही सांगते. १९५६ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली व दिली, आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला. २०२५ साली याच १४ तारखेला विंडोज १० ची कंपनीकडून होणारी नियमित दुरुस्ती थांबली. एटापल्लीत संगणकावर पोट असलेल्या आम्हा कारकुनांच्या चहात तोच विषय होता. "चांगलं चालू होतं, काऊन बदलवते बाप्पा?"

हा प्रश्न मीही वीस वर्षे विचारीत आलो आहे, म्हणून त्याला हसणार नाही. १९९८ साली चंद्रपूरला टायपिंगचा क्लास लावला, तेव्हा फी आईच्या तेंदूपत्त्याच्या मजुरीतून गेली. मिनिटाला मराठी ३० शब्द आल्याशिवाय लिपिकाची नोकरी नाही. पुढे संगणक आला, पण कृतिदेव फाँटने टाइपरायटरचीच कळरचना ठेवली, म्हणून आमची बोटे वाचली. नंतर युनिकोड आणि इनस्क्रिप्ट आले, आणि भराभर टाइप करणारा माणूस पुन्हा एका बोटाने अक्षर शोधू लागला. याला आळस म्हणू नये. कष्टाने कमावलेली वस्तू हातातून गेल्याचे ते दुःख असते. (अनित्यतेवर विहारात आपण बोलतो, कीबोर्ड बदलला की ती खरी कळते.)

शिवाय कंपनीचे नेहमी बरोबरच असते असेही नाही. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण काढले. ओरड झाली, आणि २०१३ साली ८.१ मध्ये ते परत आणावे लागले. विंडोज ११ साठी कंपनीने टीपीएम २.० या सुरक्षा-यंत्रणेची अट घातली आहे; ती नसलेले धडधाकट संगणक त्यामुळे जुने ठरले. आमच्या विहाराला दान मिळालेला संगणक त्यातलाच. गरिबाचा बदलाला विरोध बहुधा खिशातून येतो.

पण गेल्या उन्हाळ्यात माझा हट्ट एका मुलीला नडला असता.

२००४ पासून मी इकडील आपल्या कुटुंबांची यादी ठेवली आहे : कोणाच्या आजोबांचे नाव कोणत्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे, कोतवाल बुकाची नक्कल कोणाकडे आहे. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. त्या काळच्या कागदावर आपली जात 'महार' अशीच असते; बौद्ध झालो ते नंतर. १९९० च्या कायद्याने केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या, तरी पडताळणीला जुना कागद लागतोच. नर्सिंगच्या प्रवेशासाठी वंशावळ जोडायची म्हणून त्या मुलीने यादी मोबाईलवर मागितली.

"काका, हे त सारं इंग्रजीत आहे."

'बाबा' या शब्दाच्या जागी तिला सी-के-सी-के दिसत होते. कारण साधे आहे. कृतिदेवमध्ये संगणक मराठी साठवीतच नाही. तो इंग्रजी सी साठवतो आणि त्यावर 'ब' चे चित्र लावतो. फाँट नसला की चित्र जाते, सी उरतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे; 'क' चा २३२५. फाँट कोणताही असो, क तो कच राहतो आणि नाव शोधताही येते. 'जुनेच बरे' म्हणत मी वीस वर्षांचे काम असे परक्या अक्षरात कोंडून ठेवले होते.

यादी बदलून घेतली. पण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचेही तसेच उलटे. त्यामुळे रूपांतरात नावे बिघडतात. ज्यांच्याकडे जयंतीच्या जुन्या स्मरणिका, सभासद-याद्या कृतिदेवमध्ये असतील, त्यांनी आधी छापील प्रत काढावी, मग फाईल बदलावी, आणि दोन माणसांनी मिळून ताडून पाहावी.

आम्ही विहारात रोज संध्याकाळी बसलो. मुलगी मोबाईलवर वाचायची, मी छापील प्रत धरायचो. तिची आजी ऐकत बसली होती. 'किसन' आले तेव्हा ती म्हणाली, "किसन नोहे भाऊ, किस्ना." मला वाटले वेलांटीसारखेच काही बिघडले. छापील प्रत पाहिली, तिथेही किसनच. मग शाळेच्या रजिस्टरची नक्कल काढली. त्यावर 'किस्ना' होते. चूक २००४ साली माझ्याच बोटांनी केली होती.