हलक्या कामाने खांदा का भरतो?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत टांगलेला कापशी जोड पाहताना नजर आधी जाते ती पट्ट्यावरच्या बारीक वेणीकडे. वेणी घालणं, वादीने शिवणं ही कामं बहुतेक घरांत बायका करतात आणि धंद्यात ती हलकी समजली जातात. रापीने तळ कापणं, कातडं ठोकणं हे जड, म्हणून पुरुषांचं. वजनाच्या हिशेबाने ही वाटणी बरोबर असेल, शरीराच्या हिशेबाने ती चुकते. मान, खांदे आणि हात यांचं जुनाट दुखणं ओझ्यानेच येतं असं नाही. स्नायूला उसंत मिळाली नाही तरी ते येतं, आणि हलकं काम ही उसंत फार बेमालूमपणे काढून घेतं.

पोतं उचललं की माणूस ते कुठेतरी खाली ठेवतोच; वेणी घालणाऱ्या हाताला खाली ठेवण्यासारखं काही नसतं. डोकं साधारण 5 किलोचं. मान सरळ असेल तर ते मणक्यांवर तोललेलं राहतं. मांडीवरच्या कामाकडे मान झुकली की मानेमागच्या स्नायूंना ते तासन्‌तास ओढून धरावं लागतं. हात अंगापासून जेमतेम 30 अंश उचललेला असला तरी खांद्याच्या एका खोल स्नायूतला दाब रक्तप्रवाह अडवण्याइतका वाढू शकतो. स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी 1991 मध्ये याहून सूक्ष्म कारण सुचवलं. थोडंच बळ लागतं तेव्हा मज्जासंस्था दर वेळी त्याच लहान स्नायूतंतूंना आधी जुंपते आणि सर्वांत शेवटी सोडते. या तंतूंना त्यांनी सिंड्रेलाची उपमा दिली. कोल्हापुरात जन्मले असते तर थोरल्या सुनेची दिली असती. बाकीचे तंतू आराम करतात, हे मात्र दिवसभर राबून झिजतात. हे गृहीतक अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण भार अगदी कमी असूनही दुखणं का येतं याचा उलगडा ते करतं.

‘आमच्या आज्या हेच करत होत्या, त्यांना कुठे काय झालं?’ हा आक्षेप हमखास येतो. झालं नाही असं नाही, कुणी विचारलं नाही. शिवाय कातडं कापण्यापासून जोड पुरा होईपर्यंत सगळं एकाच घरात होई, तेव्हा अंगाची ठेवण दिवसातून अनेकदा बदले. एकीने फक्त वेणीच घालायची म्हटलं की तो बदल संपतो. दुसरा आक्षेप डॉक्टरी थाटाचा: एक्स-रे स्वच्छ आहे, तेव्हा दुखणं मनाचं. एक्स-रे हाडं दाखवतो, थकलेला तंतू नाही. मनाचा वाटा मात्र मी नाकारणार नाही. इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी 1713 मध्येच कारकुनांच्या हातदुखीची तीन कारणं लिहिली: सततचं बसणं, हाताची एकसुरी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. ताणाने स्नायू आवळतात, वेदना तीव्र होते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

खरा अवघड आक्षेप पैशाचा आहे. मजुरी नगावर असताना थांबायचं कुणी? अमेरिकेत संगणकावर माहिती भरणाऱ्यांवर झालेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाकाठी 5 मिनिटांच्या चार जादा विश्रांती दिल्या. त्रास कमी झाला आणि काम घटलं नाही. ती खुर्चीवरची माणसं होती, इथे जमीन आहे, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईल असं कुणी समजू नये. पण तासाला पाच मिनिटं उठणं, काम छातीजवळ आणणारा पाट, आणि वेणी-शिवण आलटून पालटून करणं यांना खर्च फारसा नाही. तेल, शेक, मलम यांनी तात्पुरतं बरं वाटतं, मात्र दुसऱ्या दिवशी तीच बैठक असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 च्या यादीत स्नायू-सांध्यांच्या विकारांना व्यवसायजन्य रोग मानलं आहे. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. मान-खांद्याचं दुखणं नव्हतं. आणि असतं तरी, घरात बसून वेणी घालणारी बाई त्या कायद्याच्या लेखी कारखान्यात नव्हतीच.