संथ झालेला डिस्क-अ‍ॅरे आणि कर्नलवर येणारा आळ

गोवंडी स्थानकाच्या रस्त्याने देवनारकडे निघाले की आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे आवार लागते. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या देशव्यापी फेऱ्या चालविल्या. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती नोंदली गेली. एखाद्या घराच्या उंबरठ्यावर त्या दिवशी मिळालेले उत्तर पुन्हा तसेच मिळत नाही. म्हणून अशा नोंदी जेथे जेथे साठविल्या जातात, मग ती मोठी संशोधनसंस्था असो की दोन टेबलांची हिशेबनिसाची कचेरी, तेथे त्या एकाच डिस्कच्या भरवशावर न सोडता अनेक डिस्कांच्या ‘रेड’ पद्धतीच्या अ‍ॅरेवर ठेवण्याचा प्रघात आहे. मात्र असा अ‍ॅरे सांभाळणाऱ्या लिनक्स सर्व्हरचा कर्नल अपग्रेड केला आणि दुसऱ्या दिवशी कामकाज मंदावले, की सारा आळ नव्या कर्नलवर येतो, आणि त्यापाठोपाठ जे उतावळे उपाय योजले जातात त्यांतले काही मूळ दुखण्याहून घातक असतात.

पहिला गैरसमज असा की, कर्नल बदलला आणि वेग घटला, तेव्हा दोष कर्नलचाच. वस्तुस्थिती अशी की, अपग्रेडच्या वेळी दोन गोष्टी एकदम घडतात: नवा कर्नल येतो, आणि कित्येक महिने अखंड चाललेले यंत्र रीबूट होते, मंदगतीचे मूळ पुष्कळदा या दुसऱ्या गोष्टीत असते. पूर्वी केव्हातरी कोणा जाणत्या व्यवस्थापकाने रेड ५ ची स्ट्राइप कॅश मूळच्या २५६ वरून ४०९६ पर्यंत वाढविलेली असते, साध्या डिस्कची आगाऊ वाचनाची १२८ किलोबाइटची मर्यादा चढविलेली असते. परंतु हे आकडे चालू यंत्रात हाताने भरलेले असल्याने ते केवळ मेमरीत राहतात, कोणत्याही फाइलीत त्यांची नोंद नसते, आणि रीबूट होताच मूळचे आकडे मुकाट्याने बहाल होतात. रेड ५ वर एक लहानसा तुकडा बदलायचा म्हटला तरी जुना तुकडा वाचणे, जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास माहिती परत जुळविण्यासाठी ठेवलेली पडताळणीची नोंद) वाचणे, आणि मग दोन्ही नव्याने लिहिणे अशा चार क्रिया घडतात; कॅश मोठी असली तर शेजारचे तुकडे एकत्र जमून सबंध पट्टा एकदम लिहिला जातो आणि ती वाचने वाचतात. दर डिस्कमागे १ मेगाबाइटऐवजी १६ मेगाबाइट मेमरी एवढाच काय तो त्याचा खर्च.

याची कसोटी सोपी आहे. बूटच्या यादीतून जुना कर्नल निवडून यंत्र पुन्हा सुरू करावे. तरीही काम मंदच राहिले, तर कर्नल निर्दोष ठरतो. असे दिसल्यास ते आकडे यूडेव्हच्या नियमात लिहून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक बूटच्या वेळी ते आपोआप लागू होतील.

दुसरा गैरसमज, बूटच्या ओळीत एकदा दिलेला हुकूम नव्या कर्नललाही मान्य असतो. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपल्यामुळे अनेक कचेऱ्यांना ३.१० या कर्नलवरून थेट ५.१४ वर जावे लागले, आणि मधल्या काळात, मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत, डिस्ककडे जाणाऱ्या मागण्यांची जुनी एकेरी रांग मोडीत निघून तिच्यासोबत ‘सीएफक्यू’ हा मागण्यांचा क्रम लावणारा शेड्यूलरही गेला होता. ‘एलिव्हेटर’ या शब्दाने शेड्यूलर मुक्रर करणारी ओळ आता वाचली जाते, पण पाळली जात नाही. प्रत्यक्षात कोणता शेड्यूलर तैनात आहे हे त्या त्या डिस्कच्या नोंदीतच पाहावे, आणि फिरत्या डिस्कांसाठी ‘एमक्यू-डेडलाइन’ किंवा ‘बीएफक्यू’ योजून पाहावे.

तिसरा गैरसमज मला सर्वांत चिंतेचा वाटतो: जुना वेग हाच खरा वेग होता, असे गृहीत धरणे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क एका सेकंदात १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. ‘ही नोंद तबकडीवर पक्की झाली’ अशी ग्वाही एकामागून एक मागत गेल्यास अशी डिस्क ती सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळांहून फारशी अधिक देऊ शकत नाही. बॅटरीचे संरक्षण नसलेल्या यंत्रावर ज्याला हा आकडा हजारांत मिळत होता, त्याच्या नोंदी डिस्कच्या तात्पुरत्या कॅशमध्ये अधांतरी होत्या, एवढाच त्याचा अर्थ. २०१० च्या २.६.३३ या कर्नलपूर्वी लिनक्सचे सॉफ्टवेअर-रेड पॅरिटीच्या अ‍ॅरेवर ही ग्वाही पुढे पोहोचवीतच नव्हते. तेव्हा त्याहून जुने यंत्र नवे केले आणि डेटाबेस मंदावला, तर तो पूर्वी न दिलेली किंमत आता देत आहे. रेडचे वेगळे कार्ड असेल तर त्याची बॅटरी तपासावी, कारण ती क्षीण झाली की कार्ड प्रत्येक लेखन थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबू लागते, आणि त्या सावधगिरीचा ठपका विनाकारण कर्नलवर येतो. अशा वेळी ही ग्वाही मागणारे ‘बॅरिअर’ बंद करून वेग परत मिळविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एक्सएफएसने ती सोयच २०१८ च्या ४.१९ या कर्नलमध्ये काढून टाकली, हे योग्य झाले. ऐन पावसाळ्यात वीज गेली असता ज्या नोंदी पुन्हा गोळा करता येणार नाहीत, त्यांच्या बाबतीत हा सल्ला कोणीही मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्नल खरोखर दोषी असू शकतो असा एक प्रसंग म्हणजे मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटींवर जानेवारी २०१८ नंतर कर्नलमध्ये आलेल्या तरतुदी. त्यांचा भार लहान लहान, असंख्य मागण्यांवर जाणवतो, मोठ्या सलग वाचनावर फारसा नाही.

मोजणीबाबतही घोटाळा होतो. ‘डीडी’ने नुकतीच लिहिलेली फाइल परत वाचून काढलेला आकडा मेमरीचा असतो, डिस्कचा नव्हे; त्यासाठी ‘एफआयओ’ वापरून कॅश टाळून, आपल्या कामाच्याच आकाराच्या तुकड्यांनी मोजावे. त्याआधी ‘एमडीस्टॅट’ उघडून फेरजुळणी चालू आहे का ते पाहावे (डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सबंध अ‍ॅरेची तपासणी आपणहून सुरू होते), आणि ‘आयओस्टॅट’मध्ये प्रत्येक डिस्कचा प्रतीक्षाकाळ तिच्या सोबतच्या डिस्कांशी ताडून पाहावा. बाकीच्या दहा मिलिसेकंदांत उत्तर देत असताना एकच डिस्क दोनशे घेत असेल, तर सारा अ‍ॅरे तिच्यापायी अडून बसलेला असतो, आणि तेथे कोणतीही सेटिंग न बदलता, प्रथम बॅकअपची रुजुवात करून, ती डिस्कच बदलावी.