जॉन पोपल आणि संगणकीय पुंज रसायनशास्त्र

प्रस्तावना

रसायनशास्त्र हे परंपरेने प्रयोगशाळेचे शास्त्र मानले जाते. रेणूतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन स्पष्ट करणारे श्रोडिंजर समीकरण १९२६ मध्ये मांडले गेले. तथापि अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंसाठी त्याची तंतोतंत उकल काढता येत नाही. त्यामुळे सिद्धांत उपलब्ध असूनही रसायनशास्त्रज्ञाला त्याचा व्यवहारात फारसा उपयोग होत नव्हता. ही दरी भरून काढण्यात सर जॉन पोपल (१९२५-२००४) यांचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या योगदानाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभिक संशोधन

इंग्लंडमधील बर्नहॅम-ऑन-सी येथे जन्मलेल्या पोपल यांनी १९५१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली. लेनर्ड-जोन्स हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९५३ मध्ये पॅरिसर व पार यांनी, आणि स्वतंत्रपणे पोपल यांनी, संयुग्मी रेणूंतील पाय-इलेक्ट्रॉनांसाठी एक पद्धत मांडली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती ‘पीपीपी’ म्हणून ओळखली जाते. १९६४ मध्ये ते अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेत रुजू झाले. १९६५ च्या ‘सीएनडीओ’ पद्धतीत त्यांनी सर्व संयुजा इलेक्ट्रॉनांचा विचार केला. मात्र आकडेमोड आटोक्यात राहावी म्हणून या पद्धतींत अनेक समाकल शून्य मानावे लागत.

समाकलांचा प्रश्न व ‘गाऊसियन-७०’

हे समाकल का वगळावे लागत, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. किमान आधार संच घेतल्यास पाण्याच्या रेणूसाठी ७ फलने लागतात आणि द्वि-इलेक्ट्रॉन समाकलांची संख्या ४०६ होते. बेंझिनसाठी ३६ फलने लागतात; सममितीचा लाभ न घेतल्यास समाकलांची संख्या २,२२,१११ वर जाते. फलने दुप्पट झाली की समाकल साधारणतः सोळा पट होतात. शिवाय अणुकक्षकांचे यथार्थ वर्णन करणाऱ्या स्लेटर फलनांचे समाकल काढणे कठीण असते. दोन गाऊसियन फलनांचा गुणाकार हा पुन्हा एक गाऊसियनच असतो, त्यामुळे त्यांचे समाकल सुलभ होतात, हे फ्रान्सिस बॉइज यांनी १९५० मध्ये दाखविले होते. पोपल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रत्येक स्लेटर फलनाऐवजी तीन गाऊसियनांची बेरीज वापरणारा ‘एसटीओ-३जी’ हा संच सिद्ध केला. त्यापाठोपाठ आलेल्या ‘गाऊसियन-७०’ या संगणक आज्ञावलीमुळे पुंज रसायनाची गणिते इतर संशोधकांच्याही आवाक्यात आली.

प्रतिमानाची कसोटी

पोपल यांचे कार्य केवळ आज्ञावली निर्माण करण्यापुरते मर्यादित नाही. सैद्धांतिक प्रतिमान प्रथम निश्चित करावे, ते सर्व रेणूंना एकाच रीतीने लावावे आणि ज्ञात प्रायोगिक मूल्यांशी ताडून त्याची सरासरी त्रुटी ठरवावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक रेणूगणिक पद्धत बदलून सोयीस्कर उत्तर मिळविणे या भूमिकेत बसत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘जी-२’ पद्धत १२५ ऊर्जामूल्यांवर तपासली गेली. तिची सरासरी त्रुटी प्रति मोल सुमारे १.२ किलोकॅलरी आढळली. त्रुटी ज्ञात असल्यामुळेच, ज्यांवर प्रयोग झालेले नाहीत अशा रेणूंविषयीच्या अनुमानावर कितपत विसंबावे, हे ठरविता येते.

निष्कर्ष

१९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पोपल यांना संगणकीय पद्धतींच्या विकासासाठी, तर वॉल्टर कोन यांना घनता-फलनी सिद्धांतासाठी विभागून देण्यात आले. पोपल यांचे निधन १५ मार्च २००४ रोजी शिकागो येथे झाले. आज साध्या संगणकावरही रेणूची ऊर्जा अनेक दशांश स्थळांपर्यंत मिळते. परंतु दशांश स्थळे म्हणजे अचूकता नव्हे. कोणते प्रतिमान वापरले आणि त्याची त्रुटी किती, हे सांगता आले नाही तर तो आकडा रसायनशास्त्रीय पुरावा ठरत नाही. आज्ञावली चालविण्यास शिकविताना ही शिस्तही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. पोपल यांच्या कार्याचे खरे महत्त्व तीत सामावलेले आहे.