केस कापले किती, आखडले किती?

केस कापून घरी आल्यावर आरशासमोर उभे राहून तुम्ही कधी चडफडला आहात काय? मी अनेकदा चडफडलो आहे. सलूनच्या खुर्चीत सारे कसे ठाकठीक दिसते. मागून आरसा धरून दाखवला की आपण मानही डोलावतो. पण घरी येऊन आंघोळ करावी, केस वाळू द्यावेत आणि पाहावे तो कपाळावरचे केस आखडून वर गेलेले आणि कानामागे एक झुपका आडवा उभा! दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्याकडे तोंड केले की मागच्या बाकांवर खसखस पिकते.

एका लग्नाच्या आदल्या दिवशी असेच झाले. मी रागाने आमच्या नेहमीच्या कारागिराकडे जाणेच सोडले. पुढच्या दोन वर्षांत चार सलून पालथी घातली, पण तक्रार सगळीकडे तीच. हात चार आणि चूक एकच असेल, तर संशय हातांवर न घेता केसांवर घ्यायला हवा. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे सुचायला दोन वर्षे लागली, हे कबूल करतो.

माझा पहिला संशय पाण्यावर होता. कापण्यापूर्वी केसांवर पाण्याचा फवारा मारतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध दुबळे असतात. पाणी आत शिरले की त्यांतले पुष्कळसे सुटतात आणि केस फुगतो, थोडा लांबतोही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरेस-बेनेडिक्ट दे सोस्यूर यांनी याच गुणाचा उपयोग करून केसाचा आर्द्रतामापक बनवला आणि १७८३ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेल काढून टाकलेला माणसाचा केस ताणून बसवायचा आणि त्याच्या लांबी-आखडण्यावर काटा फिरवायचा, एवढीच युक्ती! या तत्त्वावरची उपकरणे हवामान केंद्रांवर पुढे कितीतरी वर्षे वापरात होती.

तर मग आरोपी सापडला म्हणायचा? थोडे गणित करून पाहा. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला तरी केस लांबतो सुमारे २ टक्केच. म्हणजे ५ सेंटिमीटरचा केस फार तर १ मिलिमीटरने लांबेल. एवढ्याने कोणी वर्गात हसत नाही.

खरी गोम आहे ती केसाच्या वळणात. थोडी भूमिती आठवा. ५ सेंटिमीटर लांबीचा केस अर्धवर्तुळासारखा वळला, तर त्याच्या दोन टोकांमधले अंतर, म्हणजे त्या कंसाची जीवा, साधारण ३.२ सेंटिमीटर भरते. केस कापलेला नाही, तुटलेला नाही, तरी दिसायला पावणेदोन सेंटिमीटर गायब! वळण पाव वर्तुळाचे असले, तरी जीवा ४.५ सेंटिमीटर येते. ओला केस फणीने ओढून दोन बोटांत धरला की तो सरळ होतो आणि कात्री चालते ती या सरळ केसावर. पाणी उडून गेल्यावर हायड्रोजन बंध पुन्हा जुळतात. केसाचा मूळ आकार पक्का ठेवणारे गंधकाचे बंध तर पाण्याने तुटलेलेच नसतात, त्यामुळे ताण गेला की वळण परत येते. ज्याचे केस खिळ्यासारखे सरळ, त्याला ही अडचण कळायची नाही. कुरळ्या केसांच्या मुलांना मात्र ती बालपणापासून ठाऊक असते.

शिवाय ओले केस पृष्ठताणामुळे एकमेकांना चिकटून जुड्या होतात. पाण्यात बुडवून काढलेल्या कुंचल्याचे टोक पाहा. या जुड्या चापूनचोपून बसतात, म्हणून खुर्चीत डोके नीटनेटके दिसते. वाळल्यावर प्रत्येक केस मोकळा होतो आणि आपल्या मर्जीप्रमाणे उभा राहतो. भोवऱ्याजवळचे तर विचारूच नका!

हे तुम्हाला स्वतः मोजता येईल. पुढच्या वेळी अंगावरच्या कापडावर पडलेले दहा-बारा केस कागदाच्या पुडीत घरी आणा. धुऊन वाळवा. एकेक केस आलेख कागदावर न ओढता अलगद ठेवून टोकांमधले अंतर मोजा. मग दोन्ही टोके चिमट्यांनी धरून तो सरळ करा आणि पुन्हा मोजा. पहिल्या मापाला दुसऱ्याने भागा. माझ्या केसांची सरासरी सुटी लांबी आली ३.६ सेंटिमीटर, ताठ लांबी ४.४. भागाकार ०.८२. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, तेव्हा हा ८ मिलिमीटरचा घाटा भरून निघायला तीन-साडेतीन आठवडे हवेत. लग्न काही थांबणार नव्हते.

आलेख कागद घेऊन मी माझ्या जुन्या कारागिराकडे गेलो. आकडे समजावून सांगितले, कंस आणि जीवाही काढून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तुमचे केस वाळले की वर जातात हे मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून मी नेहमी अर्धे बोट राखूनच कापत होतो. त्या लग्नाच्या वेळी तुम्हीच तीनदा म्हणालात, ‘अजून कमी करा.’ ”

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि खुर्चीत बसलो.