शेठ की अण्णा?

उमरग्याच्या बाजारपेठेत एकाच व्यापाऱ्याला दिवसभरात किती संबोधने लाभतात, हे पाहण्यासारखे आहे. हमाल त्यास ‘शेठ’ म्हणतो. जवळच्या कर्नाटकातून आलेला शेतकरी ‘अण्णा’ म्हणतो. सरकारी पत्रात तो ‘श्री.’ होतो आणि घरात ‘काकासा’. यांपैकी आपुलकीचे कोणते?

‘शेठ’ हा मान जुना आहे. संस्कृत ‘श्रेष्ठी’, प्राकृत ‘सेट्ठी’, कन्नड ‘शेट्टी’ ही त्याचीच भावंडे. परंतु हा मान पेढीचा. तो आदर देतो आणि अंतरही राखतो. तीन-तीन पिढ्या येथे नांदलेल्या, घरातही मराठीच बोलणाऱ्या कुटुंबाला गाव ‘शेठजी’च म्हणत राहते, तेव्हा त्या आदरात ‘तुम्ही बाहेरून आलात’ असा सूक्ष्म स्वर ऐकू येतो. ‘अण्णा’ म्हणजे कन्नडात थोरला भाऊ. ही हाक पैशाने मिळत नाही.

आपल्या मुली ज्या कोरियन मालिका आवडीने पाहतात, त्यांतही हाच पेच आहे. तेथे दुकानमालकाला ‘साजांगनिम’ म्हणतात. हा जवळजवळ आपला ‘शेठजी’च. खानावळीत वाढणाऱ्या प्रौढ स्त्रीला मात्र ‘इमो’, म्हणजे मावशी, अशी हाक जाते. थोरल्या भावाला बहीण ‘ओप्पा’ म्हणते, भाऊ ‘ह्योंग’ म्हणतो. आपल्याकडे दोघांचाही तो ‘दादा’च. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणे तेथेही उद्धटपणाच. घराघरांतल्या आजीबाईंना हे ऐकून कोरिया फारसा परका वाटणार नाही!

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘कर्मवीर’ ही पदवी मोठी खरी, पण वसतिगृहातील मुलांच्या तोंडी ते ‘अण्णा’च होते. त्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडणाऱ्या लक्ष्मीबाई ‘रयतमाऊली’ ठरल्या. विविध जातींची मुले एका पंगतीला बसवणाऱ्या घराला मिळालेली ही नाती आहेत.

आता दुकानात ‘सर’ शिरला आहे. पुण्या-बंगळुरूस नोकरी करणारी मुले साहेबालाही नावाने हाक मारतात आणि गावी आली की वडिलांच्या जुन्या कुळांना काय म्हणावे, याविषयी अडखळतात. वास्तविक त्या शेतकऱ्याला ‘मामा’ किंवा ‘अप्पा’ म्हणणे आपल्या हाती आहे. तो आपल्याला अण्णा म्हणतो की नाही, याची वाट पाहत आपण बसलो आहोत. त्याला मात्र आपल्या वहीत अजून नुसते आडनावच आहे.