क्रेन भाड्याने बोलावताय? टन विचारण्याआधी अंतर मोजा

विहिरीत पडलेला ट्रॅक्टर, गोठ्याच्या शेडच्या लोखंडी कैच्या, मंदिराचा कळस, गच्चीवर चढवायची टाकी. अशा कामांना आता गावोगावी क्रेन बोलावली जाते. पहिल्यांदा फोन करणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात : किती टनाची आणि तासाला किती? पण काम फसतं ते तिसऱ्याच गोष्टीमुळे. ओझं क्रेनपासून किती लांब आहे, हे कोणी सांगतच नाही.

१४ टनी क्रेन १४ टन कधी उचलते?

खेड्यात बहुधा ‘हायड्रा’ येते. तिच्यावर लिहिलेले टन हे बूम आखडलेला आणि ओझं अगदी जवळ असतानाचे असतात. भरलेली बादली अंगाजवळ पेलते, हात लांब केला की पेलत नाही, तसंच हे. बूम लांब काढला की ताकद झपाट्याने घटते. किती अंतरावर किती वजन चालतं, याचा तक्ता म्हणजे लोड चार्ट. तो ऑपरेटरकडे मागा.

विहिरीवर हीच अडचण येते. काठ ढासळू नये म्हणून क्रेन मागे उभी करावी लागते, आणि मागे गेलं की ताकद कमी. त्यामुळे साधारण २ टनांच्या ट्रॅक्टरलाही मोठी क्रेन लागू शकते. गाळात रुतलेला असेल, तर सुरुवातीला ओढ आणखी जास्त लागते.

फोन करण्याआधी काय मोजावं?

• वजन : १,००० लिटर पाणी म्हणजे १ टन, म्हणून टाकी आधी रिकामी करा. आरसीसी वस्तूची लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये गुणून २.५ ने गुणा. अंदाजे टन मिळतात.
• क्रेन उभी राहील तिथपासून ओझ्यापर्यंतचं अंतर आणि उचलायची उंची.
• रस्त्याची रुंदी, वाटेतले छोटे पूल, जमीन. पावसानंतर काळ्या रानात क्रेन खचते.
• जागेचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.

भाडं ठरवताना

कमीत कमी किती तासांचं भाडं, येण्याजाण्याचा वेळ धरणार का, डिझेल कोणाचं, पट्टे आणि शॅकल कोण आणणार, नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, हे मेसेजवर लिहून घ्या. गाडीचा विमा, ऑपरेटरचा परवाना आणि क्रेनच्या तपासणीचा दाखला पाहा. कारखान्यांत अशी तपासणी १२ महिन्यांतून एकदा कायद्यानेच बंधनकारक आहे.

तारेजवळ काम नको

वर वीजवाहिनी असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयाकडून पुरवठा बंद करून घ्या. तोवर बूम उचलू देऊ नका. टायर रबराचे आहेत म्हणून शॉक लागत नाही, हा गैरसमज आहे. बूम तारेला लागलाच तर कोणीही क्रेनजवळ जाऊ नये. ऑपरेटरने केबिनमध्येच थांबावं आणि बाकीच्यांनी लगेच १९१२ वर कळवावं.

पट्टा बांधायला विहिरीत उतरलेला माणूस वर आल्याशिवाय ओझं हलवू नये. लटकत्या ओझ्याखाली कोणी थांबू नये. ओझं वळू नये म्हणून त्याला दोर बांधून लांबून धरावा. इशारा एकानेच द्यावा. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणालं, तरी ऑपरेटरने थांबलंच पाहिजे.